खोडून पुन्हा भरलेला चौकोन

पुण्यातल्या धायरीहून एका आईचे पत्र आले आहे. त्यातला आवश्यक तेवढा भाग असा:

‘माझा मुलगा ९ वर्षांचा असून चौथीत आहे. वर्षभर त्याचा आवाज घोगरा आहे आणि संध्याकाळपर्यंत तर पार बसतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने तपासून दोन्ही स्वरतंतूंवर लहान गाठी असल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेची गरज नाही, स्पीच थेरपी घ्या, असे ते म्हणाले. थेरपिस्ट बाईंनी पहिल्या भेटीत दोन फॉर्म घरी दिले, एक मी भरायचा आणि एक त्याने. प्रत्येकात १० वाक्ये असून प्रत्येक वाक्यापुढे “कधीच नाही”, “कधी कधी”, “बऱ्याचदा” आणि “नेहमी” असे चौकोन आहेत. त्यांना अनुक्रमे ०, १, २ आणि ३ गुण, म्हणजे बेरीज जितकी मोठी तितका त्रास जास्त. माझ्या फॉर्मची बेरीज ६ आली आणि त्याच्या फॉर्मची १९. “आवाजामुळे मुले मला खेळात घेत नाहीत” या वाक्यापुढे त्याने आधी “कधी कधी” वर खूण केली होती, ती खोडून “नेहमी” वर केली. इतके खोडले आहे की कागद तिथे झिजला आहे. प्रत्यक्षात तो रोज सोसायटीच्या मैदानावर दोन तास खेळतो. फॉर्म भरताना त्याचे बाबा शेजारी बसले होते. सासूबाई म्हणतात की, वयात आल्यावर मुलग्यांचा आवाज फुटतो, तेव्हा हे आपोआप सुटेल. तसा तो आनंदी आहे. यंदा गणपतीत आरतीला त्याला झांज वाजवायचा नाद लागला होता, दहाही दिवस त्याने झांज सोडली नाही. त्याचा फॉर्म मी पुन्हा नीट भरून घेऊ का? की दोघांची सरासरी काढून देऊ? खरा फॉर्म कोणाचा मानायचा?’

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. दोन्ही फॉर्म खरे आहेत. मुलाचा फॉर्म पुन्हा भरून घेऊ नका आणि सरासरी तर मुळीच काढू नका. ६ आणि १९ यांची सरासरी साडेबारा येते, पण साडेबारा हे ना तुमचे म्हणणे आहे, ना त्याचे. या दोन आकड्यांमध्ये जे १३ गुणांचे अंतर आहे, तीच तुमच्या थेरपिस्टच्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती आहे आणि ती तुम्ही न कळत पुसून टाकाल, एवढीच मला काळजी वाटते.

हे फॉर्म कशासाठी असतात, हे थोडे सविस्तर सांगते, कारण ते हाती देताना बहुतेक ठिकाणी घाईत दिले जातात. दुर्बिणीतून गाठ दिसते, थेरपिस्टच्या कानाला आवाजातला घोगरेपणा, खरखर आणि श्वासाची गळती कळते, संगणकावर आवाजाची पट्टी आणि स्थिरता मोजता येते. परंतु त्या आवाजामुळे मुलाचा दिवस कसा जातो, तो वर्गात हात वर करतो की नाही, कोणी त्याला चिडवते का, दुपारनंतर बोलायचा कंटाळा येतो का, हे यांपैकी कशातूनच कळत नाही. शिवाय आवाज जितका खराब तितका त्रास जास्त, असे सरळ गणितही नसते. अगदी थोड्या घोगरेपणाने खचलेली मुले असतात आणि आवाज पार फाटलेला असूनही निवांत असणारी मुलेही असतात. म्हणून ज्याचा आवाज आहे त्यालाच विचारायचे, या विचारातून अशा प्रश्नावल्या तयार झाल्या.

मोठ्या माणसांसाठीची सर्वांत परिचित प्रश्नावली, व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स, अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३० वाक्ये आहेत. दहा रोजच्या व्यवहाराबद्दल, दहा शारीरिक त्रासाबद्दल आणि दहा भावनांबद्दल. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त १२०. पुढे मुलांसाठीही अशा प्रश्नावल्या निघाल्या: २००२ मध्ये फक्त ४ प्रश्नांची एक, २००६ मध्ये १० प्रश्नांची दुसरी, आणि २००७ मध्ये मोठ्यांच्या प्रश्नावलीवरूनच बेतलेली २३ वाक्यांची आणि ९२ गुणांची तिसरी. या तिसरीत मला फार आवडलेला एक प्रश्न आहे, तो म्हणजे तुमचे मूल किती बोलके आहे ते १ ते ७ मध्ये सांगा. फार बोलणाऱ्या मुलाला गाठी होण्याचा संभव अधिक असतो, आणि आवाज बसला की त्याचेच सर्वांत जास्त अडते, म्हणून हा प्रश्न दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. पण या प्रश्नावल्या मुख्यतः पालकांनी भरायच्या म्हणूनच तयार झाल्या होत्या. मुलाचा त्रास कागदावर येत होता तो मोठ्यांच्या अक्षरात. इटलीत २०१३ मध्ये ८ ते १४ वर्षांच्या मुलांनी स्वतः भरायची १० वाक्यांची प्रश्नावली आणि तिची पालकांसाठीची जोड प्रसिद्ध झाली. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुमच्या हातातले दोन्ही फॉर्म त्याच धर्तीचे दिसतात. ते जोडीने दिले जातात ते ताडून पाहण्यासाठी. कोणाचे चुकले हे शोधण्यासाठी नव्हे.

आता ६ आणि १९ मध्ये एवढे अंतर का पडले असावे, याकडे वळू. पालकांना जे ऐकू येते आणि दिसते, ते त्यांच्या फॉर्ममध्ये बहुतेक बरोबर उतरते: आवाज संध्याकाळी बसतो, मोठ्याने वाचताना दम पुरत नाही, सारखा घसा खाकरतो. जे दिसत नाही, म्हणजे लाज, राग, ‘मला नको उभे करू बाई’ ही वर्गातली धडधड, त्यात मात्र पालक आणि मूल यांची उत्तरे अनेकदा जुळत नाहीत, आणि हे केवळ आवाजाच्याच नव्हे, मुलांच्या इतर दीर्घ दुखण्यांबाबतही आढळते. शिवाय तुम्ही तो आवाज वर्षभर रोज ऐकत आहात. रोज ऐकणाऱ्या कानाला सवय होते, तोच आवाज नवीन आलेल्या शिक्षिकेला पहिल्या दिवशी दचकवतो. अंतर उलट्या बाजूनेही पडते. आईची बेरीज मोठी आणि मुलाची अगदी लहान, असे फॉर्मही येतात. कधी मुलाला आपला आवाज असाच असतो असे वाटत असते, कारण चांगला आवाज कसा होता हे त्याला आठवतच नाही. कधी थेरपीला जायचे नसते म्हणून तो सगळीकडे ‘कधीच नाही’ लिहितो. आवाजाचा त्रास असलेली मुले आणि त्यांचे पालक यांच्याशी वेगवेगळ्या वयोगटांत बोलून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात मुलांनी शारीरिक त्रासाबरोबर सामाजिक आणि भावनिक त्रासही स्वतःच्या शब्दांत सांगितला होता. लहान मुलांना यातले काय कळते, असे आपण सहज म्हणून जातो. त्यांना कळते, फक्त विचारावे लागते.

खोडलेल्या चौकोनाबद्दल तुम्ही लिहिले नसते, तर मी हे उत्तर वेगळ्या रीतीने लिहिले असते. तो रोज दोन तास मैदानावर असतो, म्हणून त्याचे उत्तर चुकीचे आहे, असा तुमचा तर्क आहे. पण मैदानावर असणे आणि डावात असणे यांत फरक आहे. लिंबूटिंबू म्हणून घेतलेले मूलही दोन तास मैदानावरच असते. क्रिकेटमध्ये अपील कोण करतो, कबड्डीत दम कोण धरतो, संघ वाटताना नावे कोण पुकारतो, ही सगळी आवाजाची कामे आहेत, आणि ज्याचा आवाज सहा पावलांपुढे जात नाही त्याच्याकडे ती येत नाहीत. असे झालेच असेल, असे मी म्हणत नाही. कदाचित एकाच दिवशी एकाच मुलाने त्याला काही बोलून दाखवले असेल आणि ते त्याच्या मनात ‘नेहमी’ होऊन बसले असेल. दोन्ही शक्यता ऐकून घेण्यासारख्या आहेत. म्हणून ‘असं का लिहिलंस? तू तर रोज खेळतोस’ असे न म्हणता, निवांत वेळी, शक्यतो शेजारी बसून आणि हात कशात तरी गुंतलेले असताना, एवढेच विचारा: ‘असं कधी झालं होतं रे? सांगशील मला?’ आणि मग उत्तर येईपर्यंत थांबा. नऊ वर्षांचे मूल अशा प्रश्नावर बराच वेळ गप्प राहते. त्या शांततेत आपण बोलून जातो आणि त्याचे उत्तर राहून जाते.

बाबा शेजारी होते, ही गोष्ट मात्र थेरपिस्टला आवर्जून सांगा. ‘कधी कधी’ खोडून ‘नेहमी’ करताना त्याला खरे तेच लिहायचे होते, की बाबांनी हे पाहावे असे वाटत होते, हे इथे बसून मला सांगता येणार नाही, आणि दुसरे कारण असले तरी तेही महत्त्वाचेच आहे. तरीही मुलाचा फॉर्म भरताना आई, बाबा, आजी यांपैकी कोणीही खोलीत नसावे, वाचायला अडचण आली तर थेरपिस्टने वाक्य वाचून दाखवावे आणि खूण मुलाने स्वतः करावी, ही पद्धत चांगली. फॉर्म घरी देण्याने वेळ वाचतो, पण हा भाग हातचा जातो.

मी लहान मुलांना फॉर्म देण्याआधी टेबलावर स्टीलची चार फुलपात्री मांडते. एक रिकामे, एकात तळाशी पाणी, एक अर्ध्याहून अधिक भरलेले, एक काठोकाठ. मग काही वेगळेच विचारते: तू शाळेत डबा नेतोस का? तू रस्त्यावर हत्ती पाहतोस का? तू रात्री उशिरा झोपतोस का? मूल फुलपात्रावर बोट ठेवते. सात वर्षांच्या एका मुलीने हत्तीच्या प्रश्नालाही काठोकाठ भरलेले फुलपात्र दाखवले होते, कारण ते तिला छान वाटत होते. तिच्या हाती तसाच कागद दिला असता, तर सगळीकडे ‘नेहमी’ येऊन भलताच मोठा आकडा हाती लागला असता. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांचा कल असा टोकाच्या चौकोनांकडे असतो. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याने एक उत्तर विचार करून बदलले आहे, म्हणजे मोजपट्टी त्याला समजली आहे, असे मानायला जागा आहे.

काळाचेही तसेच. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्द मोठ्यांना स्पष्ट असतात. मुलाला ‘गणपती गेल्यापासून’ किंवा ‘सहामाही संपल्यापासून’ असे सांगितले की नेमके कळते.

एक अडचण आपल्या भाषेतलीही आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. मराठीत ‘आवाज’ या एकाच शब्दात गळ्यातून निघणारा स्वरही येतो आणि गोंगाटही येतो. ‘आवाज बंद!’ हे वाक्य मुले वर्गात दिवसातून दहा वेळा ऐकतात. अशा मुलाला ‘तुझ्या आवाजामुळे लोक चिडतात का?’ असे विचारले, तर तो दंगा केल्याबद्दल ओरडा बसतो का, या प्रश्नाचे उत्तर देण्याची दाट शक्यता आहे. म्हणून दुसऱ्या भाषेतली प्रश्नावली नुसती मराठीत उतरवून चालत नाही. भाषांतर, मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, मग प्रत्यक्ष मुलांसमोर वाक्ये वाचून त्यांना काय समजले ते विचारणे, असा तो प्रवास असतो. ‘बोलताना तुझा जो आवाज येतो, तो’ असे एकदा स्पष्ट केले की बरेच गैरसमज टळतात. तुमच्या मुलाला ही वाक्ये कशी समजली, हे त्याच्याच शब्दांत सांगायला लावा, अशी विनंती तुम्ही थेरपिस्टना करू शकता. त्यात त्यांना वावगे वाटण्याचे कारण नाही.

बेरजेविषयी थोडेच सांगते, कारण पालक तिलाच सर्वांत जास्त महत्त्व देतात. बहुतेक वाक्यांपुढे ‘बऱ्याचदा’ लिहिणाऱ्या मुलाची आणि काहींपुढे ‘नेहमी’, उरलेल्यांपुढे ‘कधीच नाही’ लिहिणाऱ्या मुलाची बेरीज सारखी येऊ शकते. त्या दोघांना लागणारी मदत सारखी नसते. दुसऱ्या देशातल्या मुलांवरून ठरवलेली ‘इतक्याच्या वर म्हणजे जास्त’ ही रेषा धायरीच्या मुलाला जशीच्या तशी लावू नये. बेरजेचा खरा उपयोग त्याच मुलाची त्याच्याशीच तुलना करण्यासाठी होतो. आज एकदा आणि थेरपीचा पहिला टप्पा संपल्यावर पुन्हा एकदा, त्याच फॉर्मवर, त्याच पद्धतीने.

आणि फॉर्मवरून रोगाचे निदान होत नाही. स्वरतंतूंवर गाठी आहेत, पाण्याची पुटी आहे, विषाणूमुळे येणारे चामखिळीसारखे उंचवटे आहेत की स्वरतंतूची हालचालच मंदावली आहे, हे दुर्बिणीनेच कळते. तुम्ही ती तपासणी आधी करून घेतली, हे फार बरे झाले. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवाज ४ आठवड्यांत सुधारला नाही, तर स्वरयंत्र पाहून घ्यावे. हे उत्तर वाचणाऱ्या इतर पालकांनी मात्र एक लक्षात ठेवावे: श्वास घेताना आवाज येणे, दम लागणे, गिळताना ठसका लागणे, जन्मापासूनच आवाज घोगरा असणे, किंवा घोगरेपणा दिवसेंदिवस वाढत जाणे, यांपैकी काही असेल तर चार आठवड्यांची वाट पाहू नये, आणि कोणताही फॉर्म भरत बसू नये.

तुमच्या सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि ते त्यांना तसे सांगायला हरकत नाही. मुलग्यांमधल्या अशा गाठी वयात येताना, स्वरयंत्र वाढते तेव्हा, पुष्कळदा जिरतात. परंतु तो काळ यायला अजून चार-पाच वर्षे आहेत. पाचवी ते आठवी या इयत्तांमध्ये मूल वर्गात बोलायला शिकते, मित्र जोडते, स्नेहसंमेलनात भाग घेते. गाठ पुढे जिरेल हे खरे मानले, तरी ‘माझे कोणी ऐकत नाही’ अशी जी समजूत या वर्षांत बनते, ती आवाज फुटल्याबरोबर जिरत नाही. त्याच्या फॉर्मवरचे १९ गुण या मधल्या वर्षांविषयीच बोलत आहेत.

थेरपी म्हणजे गप्प बसवणे नव्हे, हेही घरात सर्वांना सांगा. मूल बोलते तेव्हा त्याचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे अडीचशे ते तीनशे वेळा एकमेकांना भिडतात. ओरडताना ते जोराने आपटतात, आणि रोज त्याच जागी आपटून तिथे घट्टा पडावा तशी गाठ येते. थेरपीत हे आपटणे हलके करायला शिकवले जाते: श्वासाच्या आधाराने बोलणे, लांबून हाक मारण्याऐवजी जवळ जाणे, खाकरण्याऐवजी घोटभर पाणी पिणे. ‘ओरडू नकोस’ असे दिवसभर सांगितले, तर पुढच्या फॉर्ममध्ये आवाजाविषयीचा राग वाढलेला दिसेल. थेरपिस्टचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत आहे याची खात्री केली नसेल तर करून घ्या. पुढे दुसरे मत घ्यावेसे वाटले, तर धनकवडीला भारती विद्यापीठाचे श्रवण व वाचा विषयाचे महाविद्यालय तुम्हाला फार लांब नाही, आणि ससून रुग्णालयातही कान-नाक-घसा विभाग आहे.

आता तुमच्या स्वतःच्या फॉर्मकडे येते. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेला आहात की, यंदा आरतीला त्याने दहाही दिवस झांज सोडली नाही. मागच्या वर्षीपर्यंत तो आरती म्हणत होता का? म्हणत असेल, तर यंदा त्याने झांज का धरली असावी, याचा एकदा विचार करा. झांज वाजवणाऱ्याला कोणी ‘मोठ्याने म्हण’ असे सांगत नाही. घरातली सगळी माणसे एका सुरात ‘सुखकर्ता’ म्हणत असताना ज्याचा सूर मध्येच फाटतो, त्याला त्या गलक्यात लपायला झांजेइतकी चांगली जागा नाही. हा नुसता नादही असू शकतो, मुलांना झांज आवडतेच. पण आवाज वापरायचे टाळतो का, अशा अर्थाचे एखादे वाक्य तुमच्या फॉर्ममध्ये असणार, आणि ६ ही बेरीज पाहता त्यापुढे तुम्ही ‘कधीच नाही’ लिहिले असण्याचा संभव आहे. ते खोडू नका. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला तारीख घालून झांजेची गोष्ट चार ओळींत लिहा, बाबा शेजारी होते हे लिहा आणि खेळाबद्दल विचारल्यावर तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. वर्गशिक्षिकांना भेटायचे असेल तर आधी त्याला विचारून भेटा. त्याला नको असेल तर सध्या थांबा.

पुढच्या भेटीला दोन्ही मूळ फॉर्म न्या, छायाप्रती नकोत, कारण झिजलेला कागद छायाप्रतीत दिसत नाही. थेरपिस्टना त्याचा फॉर्म पुन्हा भरून घ्यावासा वाटला, तर त्या त्यांच्या खोलीत, एकट्या त्याच्याबरोबर बसून घेतील. त्या वेळी तुम्ही दोघांनी बाहेरच्या बाकावर थांबावे, आणि तो बाहेर आल्यावर काय लिहिलेस, असे विचारू नये.